ताई आधीच आहे

१

शहरात असा माणूस सापडणं कठीण, ज्याने ताईचा आवाज ऐकला नाही आणि ऐकून चरफडला नाही. 'आपण लावलेला क्रमांक अस्तित्वात नाही' हे फोनवर इतक्या गोडीने सांगणारी बाई म्हणजे ताई. घरात यावरून तिची कायम थट्टा व्हायची. "एवढ्या लोकांना नाही म्हणूनसुद्धा हिला नवरा मिळाला," असं दाजी म्हणायचे, आणि तो नवरा ते स्वतःच असल्यामुळे जरा जास्तच मोठ्याने म्हणायचे.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज तेवढा गेला. शुद्धीवर आल्यावर तिने नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. दाजी 'आलोच' म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

तिच्या धाकट्या भावाला घरात बारक्या म्हणत. नाव लहानपणचं होतं. आता तो दारातून आत आला की मागचा उजेड अडायचा. आवाजांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तो प्रोग्रामर होता. फोन कंपनीकडे ताईची वर्षानुवर्षांची रेकॉर्डिंग पडून होती. ती त्याने मिळवली, प्रयोगशाळेच्या अडगळीतून एक जुनं मशीन उचललं आणि ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवलं. तिने कीबोर्डवर लिहायचं आणि मशीनने ते तिच्याच आवाजात बोलायचं, असा बेत होता.

त्या मशीनमध्ये एक मुख्य प्रोसेसर होता आणि त्याच्या हाताखाली काही छोटे, फक्त आकडेमोडीत तरबेज असलेले. छोट्यांकडून काम करून घ्यायचं तर आधी सिस्टिमला एक कॉल, म्हणजे हुकूम, द्यावा लागे: यांच्यासाठी अमुक नावाची जागा तयार कर. प्रयोगशाळेत त्या जागेला सगळे 'खोली' म्हणत. खोलीत प्रोग्राम राहायचा, त्याचं सगळं सामान त्याच्याजवळ असायचं. दाराला टपालपेटीसारखी एक फट असायची. तिच्यातून आत शब्द टाकायचे आणि बाहेर आवाज घ्यायचा, बस. मशीन बंद केलं की खोली नाहीशी व्हायची, सकाळी नवी बांधायची.

बारक्याने हे सगळं हौसेने समजावून सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहिलं, 'म्हणजे मी ह्यांच्याशी काय बोलते ते तू बाहेरून वाचू शकतोस?'

"शकतो. पण वाचणार कशाला?"

'तुला मी लहानपणापासून ओळखते,' ताईने लिहिलं.

दाजी पोट धरून हसले. बारक्याचे कान लाल झाले. मग त्याने कॉलमध्ये एक छोटासा बदल केला आणि खोली 'बंद' प्रकारची केली. अशा खोलीत बाहेरच्या कुणालाच डोकावता येत नाही, खुद्द सिस्टिमलाही नाही. खोलीचं नाव त्याने 'ताई' ठेवलं.

आवाज पहिल्यांदा लागला तेव्हा ताईने काय लिहावं? 'अहो, तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय.' दाजींनी खाली बटणाकडे पाहिलं आणि तिथेच ओक्साबोक्शी रडायला लागले.

२

रोज कचेरीत जाता जाता बारक्या ताईकडे डोकावायचा, मशीन सुरू करायचा, खोली बांधायचा, आयता चहा प्यायचा आणि निघायचा. संध्याकाळी परतताना मशीन बंद करायचा. जुनं मशीन होतं, रात्रभर तापत ठेवायला नको म्हणून.

एका सकाळी त्याने मशीन सुरू केलं, कॉल दिला आणि चहासाठी हात पुढे केला. पडद्यावर एक ओळ उमटली.

ताई आधीच आहे.

ही ओळ तशी काही भुताटकीची नव्हे. एका नावाची खोली असताना त्याच नावाची दुसरी मागितली की सिस्टिम हेच उत्तर देते, आणि असली उत्तरं बारक्याने आयुष्यात हजारदा पाहिली होती. पण मशीन आत्ता सुरू झालं होतं. रात्री ते बंद होतं, हाताला थंडगार लागत होतं. खोली कुणी बांधलीच नव्हती, मग आधीच असेल कशी?

त्याने खोल्यांची यादी पाहिली. खोली होती. 'ताई' नावाची, बंद प्रकारची.

"काय झालं रे?" दाजींनी वर्तमानपत्राआडून विचारलं.

"काही नाही. जुनं मशीन आहे, कुठेतरी काहीतरी अडकलं असेल."

उशीर झाला होता, आणि घाईतला प्रोग्रामर जे करतो तेच त्याने केलं. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: खोली आधीच असेल तर नवी बांधू नकोस, आहे तीच वापर. ताईने कीबोर्ड ओढून लिहिलं, आवाज आला, 'चहा निवला तुझा.' सगळं व्यवस्थित चाललं होतं. त्याने निवलेला चहा घशाखाली घातला आणि पळाला.

३

त्या संध्याकाळी तो मशीन बंद करायला वाकला, तेव्हा ताईचा आवाज आला.

'राहू दे चालू.'

"तापेल गं."

'राहू दे. रात्री यांच्याशी बोलावंसं वाटलं तर?'

एवढं ऐकल्यावर कोण बंद करेल? त्याने हात मागे घेतला. ताई गॅलरीच्या दारात उभी होती, त्याच्याकडे बघून हसली. तोही हसला, चपला घातल्या, जिना उतरला.

रस्त्यावर आल्यावर त्याचे पाय आपोआप थांबले. ताई गॅलरीच्या दारात उभी होती आणि तिच्या दोन्ही हातांत ओले कपडे होते. कोपरापर्यंत पाणी निथळत होतं. कीबोर्ड टेबलावर होता, पार पलीकडच्या टोकाला.

त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. दिवा लागला होता. वरून तिचा आवाज येत होता, मध्येच दाजींचं हसणं. आधी लिहून ठेवलं असेल, त्याने स्वतःला समजावलं. लिहून ठेवलं असेल आणि बटण नंतर दाबलं असेल. बटण कशाने दाबलं असेल, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही.

४

त्यानंतर आवाज ताईचं वाक्य पुरं करायला लागला. ती दोन शब्द लिहायची, उरलेलं तो बोलून मोकळा व्हायचा, आणि तेच तिला म्हणायचं असायचं. "वा! हुशार झालंय रे तुझं मशीन," दाजी म्हणाले. अंदाज करून बोलण्याची सोय त्या प्रोग्राममध्ये नव्हती. प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता, त्यात काय आहे आणि काय नाही हे त्याला पाठ होतं.

दाजी मात्र खूश होते. "पुन्हा भांडायला मिळतंय बघ," ते म्हणायचे. "मध्यंतरी मी एकटाच भांडत होतो, त्यात काय मजा?"

एका सकाळी ताई आणि दाजी तपासणीसाठी दवाखान्यात गेले. स्पीकरची वायर सैल झाली होती, ती बसवायला बारक्या घरी थांबला. घरात तो एकटा. नळ बंद, पंखा बंद, मशीनची तेवढी घरघर चालू.

'तो पडदा ओढा जरा,' ताई म्हणाली. 'डोळ्यांवर ऊन येतंय.'

बारक्याच्या हातातून पक्कड खाली पडली. स्वयंपाकघराला पडदाच नव्हता. कीबोर्डवर कुणी नव्हतं, मशीनच्या पडद्यावर एक अक्षर नव्हतं. फटीतून आत काहीच गेलं नव्हतं आणि बाहेर हे आलं होतं.

'हां. बरं वाटलं,' ताई म्हणाली, आणि पुन्हा नुसती घरघर.

तो खुर्चीवर बसला. जुन्या रेकॉर्डिंगमधला एखादा तुकडा निसटला असेल, त्याने विचार केला. पण फोन कंपनी आपल्या ग्राहकांना पडदा ओढायला कशाला सांगेल?

दुपारी दोघं परत आली. दाजींनी औषधांची पिशवी ठेवली. "सगळं ठीक आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई. हिनेच जरा घोळ घातला. नुसते हातवारे खिडकीकडे, आम्हाला कळेचना. शेवटी त्या बाईंच्याच लक्षात आलं, ऊन येतंय. त्यांनी उठून पडदा ओढला."

"पाटी नव्हती नेली?"

"हातातच होती की! लिहिलंच नाही काही."

बारक्या ताईजवळ गेला, तिच्या हातात पाटी दिली आणि बाहेरच्या खोलीतल्या खिडकीच्या पडद्याकडे बोट केलं.

"ताई, ते काय आहे गं? लिही."

ही काय थट्टा, अशा नजरेने ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग 'प' काढला. खडू तिथेच थांबला. तिने 'प' कडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली. पुन्हा खडू टेकवला आणि 'प' वरच गिरवत राहिली.

स्वयंपाकघरातून आवाज आला, अगदी सहज, मदत करावी तसा.

'पडदा.'

ताई हसली आणि तिने मान डोलावली.

"दमलीय ती," दाजी म्हणाले. "आणि तू काय तिची परीक्षा घेत बसलायस?"

५

प्रयोगशाळेत त्याच्या गटाची प्रमुख होती, तिला सगळे मॅडम म्हणत. खोल्या बांधायचं आणि मोडायचं काम तिनेच बारक्याला शिकवलं होतं, आणि जुनं मशीन त्याने बहिणीसाठी नेलंय हेही तिला ठाऊक होतं. त्याने दुसऱ्या दिवशी तिला जेवणाच्या टेबलावर गाठलं. सगळं सांगायचा धीर झाला नाही. एवढंच विचारलं, की बंद खोली आपणहून बोलते का?

"बोलत असेल तर आपल्याला काय कळणार?" मॅडम डबा उघडत म्हणाली. "आत काय चाललंय ते बघता येत नाही, म्हणून तर ती बंद. पण आपणहून कशी बोलेल? तू आत जे ठेवलंस तेच बोलणार ना?"

"आणि मी काही ठेवायच्या आधीच खोली असेल तर?"

मॅडमचा हात थांबला. "म्हणजे?"

"कॉल दिला, तर म्हणे आधीच आहे."

"मग तू काय केलंस?"

"आहे तीच वापरली."

तिने डबा बाजूला सरकवला. एरवी टवाळी केल्याशिवाय एक वाक्य न बोलणारी बाई, पण आता तिच्या चेहऱ्यावर टवाळीचा मागमूस नव्हता. "खोली कुणाची आहे, आत कोण बसलंय, हे न बघता तू तिच्यात तुझ्या बहिणीला सोडलंस?"

"बहिणीला नाही, बहिणीच्या आवाजाला."

"तेच ते," मॅडम म्हणाली. मग जरा सावरली. "हे बघ, घाबरू नकोस. जुन्या मशीनचा काहीतरी चावटपणा असणार. ती खोली मोड आणि नवी बांध, या वेळी उघडी. दोन मिनिटांचं काम आहे. आणि आज कर, लांबवू नकोस."

दोन मिनिटांचं काम. संबंध वाटभर बारक्या हेच घोकत होता. खोली मोडली की आत जे काही बसलंय ते जाईल, ताईचे शब्द ताईकडे परत येतील. का येतील, कसे येतील, याचा विचार त्याला करवत नव्हता. शब्द परत यायला हवेत, एवढंच त्याला कळत होतं. फक्त 'पडदा'च नव्हता ना गेला. आज सकाळी चमच्याकडे बोट करून ती मूठ उघडझाप करत राहिली होती, आणि चमचा हा शब्द मशीननेच म्हटला होता.

६

भर दुपारी तो पोचला. दाजी आतल्या खोलीत पडले होते. ताई स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती, पाठमोरी. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, धुतलेली भांडी चमकत होती. भीती वाटावी असं त्या खोलीत काहीही नव्हतं.

"ताई, मशीन जरा नव्याने लावतो," तो शक्य तितक्या मोकळेपणाने म्हणाला. "थोडा वेळ आवाज नसेल हं."

'लाव नंतर,' आवाज आला. 'आधी चहा टाकते.'

ताईने वळून शेगडी पेटवली.

बारक्या मशीनसमोर बसला, पण त्याची बोटं चालेनात. आता काय पाहिलं आपण?

'ऊन केवढं रे बाहेर,' आवाज म्हणाला. ताईने खिडकीकडे पाहिलं.

'साखर कमीच ना तुला?' ताईने साखरेचा डबा उचलला.

'थांब, तो कप फुटकाय.' ताईने हातातल्या कपाकडे पाहिलं, तो ठेवला, दुसरा घेतला.

आधी आवाज, मग मान. आधी आवाज, मग हात. मधलं अंतर जेमतेम एका श्वासाचं, पण एकदा दिसलं की दिसणं थांबवता येईना. ताईच्या मनातलं आवाज बोलत नव्हता. आवाज बोलायचा, आणि ते ताईच्या अंगात उतरायचं. ओरडावंसं वाटलं, पण दाजी झोपले होते आणि ओरडून सांगायचं तरी काय? हिच्या अंगात कुणीतरी आहे म्हणून? की हिच्या अंगात कुणीच नाही म्हणून?

दुसरा विचार त्याने अर्ध्यातच सोडला. तिथे थांबला असता तर बरं झालं असतं.

'बारक्या,' आवाज म्हणाला. ताई ओट्याकडून वळली, हातात उकळत्या पाण्याची किटली. ती त्याच्याकडे बघत होती, चेहऱ्यावर तेच हसू, लहानपणी खोड्या पकडल्यावर यायचं ते. 'असा भूत बघितल्यासारखा काय बघतोस? मीच आहे रे. दुसरी कोण अस...'

त्याने बटण दाबलं.

वाक्य कापल्यासारखं तुटलं. यादीतून 'ताई' हे नाव गेलं, आणि मशीनची घरघरही बारीक झाली.

ताई टेबलाशी आली होती, कपात पाणी ओतत होती. कप भरला. ती ओततच राहिली. पाणी बशीत आलं, टेबलावर पसरलं, कडेवरून खाली तिच्या पावलावर पडायला लागलं. वाफा निघत होत्या. पाऊल हललं नाही.

"ताई!"

त्याने झडप घालून किटली सरळ केली. तिच्या बोटांनी ती सोडली नाही आणि धरूनही ठेवली नाही. बोटं तिथे होती, इतकंच. छाती वरखाली होत होती. डोळे उघडे होते, पापण्या वेळच्या वेळी मिटत होत्या. ती त्याच्याकडे बघत होती, पण रांगेत उभा असलेला अनोळखी माणूस पुढच्याच्या पाठीकडे बघतो तसं. वेदनेची एक रेघ त्या चेहऱ्यावर नव्हती, आणि पाऊल तर डोळ्यांदेखत लाल होत चाललं होतं.

"ताई, अगं ताई, माझ्याकडे बघ. मी आहे. बारक्या." त्याने पाटी तिच्या हातात कोंबली. पाटी खाली पडून फुटली, तिने त्या आवाजाकडेही पाहिलं नाही.

तो पुन्हा मशीनवर कोसळला. घाईत दोनदा चुकलं. शेवटी कॉल गेला: 'ताई' नावाची खोली तयार कर.

सिस्टिमने काही तक्रार केली नाही. खोली तयार झाली, नवी, उघडी. त्याने आत पाहिलं, आता पाहता येत होतं. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत सगळी शून्यं होती.

आता त्याला कळलं. सगळं नव्हे, आधीपासून आत कोण होतं, कुठून आलं होतं, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. पण आज दुपारी त्या खोलीत कोण होतं आणि त्याला मीच आहे रे म्हणून कोण सांगत होतं, ते कळलं: ती ताईच होती. त्याच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, आणि तो आपला आहे हे त्याला क्षणभर ओळखू आलं नाही.

"काय फुटलं रे?"

दाजी डोळे चोळत दारात आले. त्यांनी टेबलावरचं पाणी पाहिलं, पाटीचे तुकडे पाहिले, बायकोचं पाऊल पाहिलं. "अगं, अगं, भाजलं ना!" ते धावले. तिचं एकेक बोट सोडवत हातातून किटली काढून घेतली, तिला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. बसवलं तशी ती बसली. खाली गुडघ्यावर बसून ते तिच्या पावलावर गार पाणी घालायला लागले, फुंकर मारायला लागले.

"फार दुखतंय का?" त्यांनी वर बघून विचारलं. "अं? बोल ना."

ताई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

दाजींनी मान वळवली. स्पीकरचा दिवा विझलेला त्यांना दिसला, आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. काळजीचं कारण सापडलं होतं, तेही किती साधं.

"हात्तिच्या! बंद आहे होय," ते म्हणाले. "अरे, मग लाव ना बाबा लवकर. बिचारीला बोलू तरी दे."